डावं चाक बोटभर मागे

माझ्या दादाला सगळे 'नजर मिस्त्री' म्हणतात आणि त्या नावानेच त्याला डोक्यावर चढवून ठेवलंय. ट्रकभोवती एक फेरी मारायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा, "मागचं चाक हललंय." बहुतेक वेळा बरोबर निघतं, तिथेच तर सगळा घोळ आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मी करते. टेप आणि ओळंबाही माझ्याकडेच असतो. मी टेप काढली की हा हसणार, "बाई, तू शिवणकामच करायला हवं होतंस."

आमच्या वडिलांचा, आबांचा, जुना ट्रक तेरा वर्षं शेडमागे पडून होता. तो घेऊन आबा चांगल्या सरळ रस्त्यावरून डावीकडच्या नाल्यात गेले होते. गुडघा मोडला, गाडी चालवणं कायमचं सुटलं. "ती डावीकडे ओढत होती," एवढंच ते सांगत राहिले. शेवटी दादा चारचौघांत म्हणाला, "आबा, डुलकी लागली असेल तुम्हाला. मान्य करा आणि विषय संपवा." आबांनी विषय संपवला. दादाशी बोलणंही 'जेवलास का' एवढ्यावर आलं. मला त्याचा तेव्हा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

यंदा दादालाच हुक्की आली. ट्रक पुन्हा उभा करायचा, पुढे नवीन सस्पेन्शन घालायचं. मी म्हटलं, स्प्रिंगचे जुने पाटे सोडायच्या आधी पुढचा अ‍ॅक्सल नेमका कुठे आहे ते फरशीवर उतरवून घेऊ. एकदा खोललं की मग कशावरून मोजणार?

"मडगार्डच्या मधोमध चाक आलं की झालं," दादा म्हणाला. "मागच्या वेळी तसंच केलं होतं मी."

मी कसली ऐकतेय. दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडला, खडूने फुल्या मारल्या आणि मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत टेप ताणली. डावीकडचं माप बोटभर कमी भरलं. पुन्हा मोजलं. तेवढंच.

दादा फुलीकडे बघत राहिला. अ‍ॅक्सल एका बाजूला मागे असेल तर गाडी त्याच बाजूला ओढते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"नाल्यात आपटली तेव्हा सरकला असेल," मीच म्हटलं. माझ्यासारखी भांडकुदळ बाई त्याची बाजू घेत होती, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

तो गाडीखाली सरकला. पाटा जिथे अ‍ॅक्सलवर बसतो, तिथे बोल्टसाठी दोन भोकं होती. एक मूळचं, रिकामं. दुसरं हाताने पाडलेलं, आणि बोल्ट त्यातच घट्ट.

"हे मी पाडलंय," तो खालूनच म्हणाला.

अपघाताच्या महिनाभर आधी त्याने जाड पाटे घातले होते. डावं मडगार्ड त्याआधीच कुठेतरी ठोकर खाऊन मागे दबलेलं. नजर मिस्त्रीने त्या दबलेल्या मडगार्डच्या अगदी मधोमध चाक बसवलं होतं, टेप न लावता.

हात न धुताच तो घरी निघाला. मी मागोमाग गेले. आबा पायरीवर बसले होते. "कोण?" त्यांनी विचारलं. डोळे जाऊन दोन वर्षं झाली, त्यांना माणूस आवाजावरूनच कळतो.

"मी आहे, आबा." दादा उभाच राहिला. "तुम्ही झोपला नव्हतात. अ‍ॅक्सल मी वाकडा बसवला होता."

"किती?"

"बोटभर."

आबांनी मांडीवर बोट आडवं ठेवलं, अंगठ्याने चाचपलं. "हां. तेवढीच ओढत होती."

दादा तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. मला वाटलं होतं, हे बघून माझा जीव थंड होईल. झाला नाही.

"सरळ बसव आता," आबा म्हणाले. "मग चावी माझ्याकडे आण. ओढते की नाही, ते चालवून मीच सांगेन."

दादा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?