कुंपणावरचा दुधी

वलगावला आमच्या घरामागच्या तारेच्या कुंपणावर दुधीचा एक वेल आपोआप उगवला होता. मी अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याचं पांढरं फूल मी वर्गात नेलं आणि पाकळ्यांखाली चिकटलेलं इवलं फळ पोरांना दाखवलं. या कुळाची ही खूण. काकडी, दोडका, कारलं, रानातलं कडू कवंडळ, सगळी याच खुणेची भावंडं. "कडूपणा हा या कुळाचा जुना वारसा," मी म्हणालो. "माणसानं निवडून निवडून गोड वाण जपले. वारसा कधीतरी परत येतो, अन् फुलावरून ते कळत नाही."

त्याच आठवड्यात त्या वेलाचा दुधी तोडून मी बाबांसाठी रस काढला. काकडी असो की दुधी, चिरताना आई आधी एक तुकडा चाखते. ती देवळात गेली होती. मी चाखला नाही.

बाबांनी घोट घेतला. "कडू लागून राहिला रे."

"पिऊन टाका बाबा. औषध समजा."

त्यांनी पेला रिकामा केला.

थोड्या वेळात उलट्या सुरू झाल्या. अमरावतीच्या दवाखान्यात पोचेस्तोवर उलटीत रक्त होतं. मी दुधीच्या रसाचं सांगितलं, तसं डॉक्टरांनी विचारलं, "कडू होता का? कडू दुधी विषारी असतो. नीट आठवा. पुढचं त्यावर ठरेल."

आई शेजारीच उभी होती. माझं तोंड उघडेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कसंबसं म्हणाले, "नाही जी. गोडच होता."

ते मला सांभाळून घेत होते, आणि मी घेऊ दिलं. डॉक्टर दाराशी पोचले, तेव्हा कुठे मी बोललो. "कडू होता. बाबांनी सांगितलं होतं. तरी मीच पाजला."

एकदम धावपळ झाली. सलाईन लावताना बाबा पुटपुटले, "आता बोलला मास्तर."

आईनं विचारलं, "चाखला नोता?"

"नाही."

"मंग पोरायले शिकवतं तरी काय?"

बाबांचा रक्तदाब सारखा उतरत होता. तो सावरेपर्यंत आई त्यांच्या उशाशी बसून होती.

बाबा वाचले. घरी आल्यावर आईनं तो विषय काढला नाही. फक्त आता काकडी चिरली की पहिला तुकडा ती माझ्यापुढं धरते. मी चावतो. माझ्या तोंडाकडे ती बघत राहते, आणि मी गिळल्यावरच बाबांच्या ताटात वाढते.