बंद होणाऱ्या दुकानातला कूलर

चंद्रपुरात आमच्या रस्त्यावर एक कापडाचं दुकान होतं. 'दुकान बंद करणे आहे' हा त्याचा फलक मी नोकरीला लागलो तेव्हा कोरा करकरीत होता. माझं लग्न होईपर्यंत तो उन्हाने पांढरा पडला, म्हणून मालकाने नवा रंगवून घेतला. तेव्हापासून सेल म्हणजे शुद्ध थाप, हे माझं ठाम मत झालं. सेलवर विश्वास ठेवून धावणाऱ्यांना मी हसत असे. मी विश्वास न ठेवून फसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायको पहिल्या बाळंतपणाला चामोर्शीला माहेरी होती. थंडीत मुलगी झाली. मे महिन्यात मायलेकी घरी येणार होत्या, आणि आमची खोली पत्र्याची. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात त्या भट्टीत तान्हं लेकरू ठेवायचं कसं? कूलर घ्यायलाच हवा होता.

तेवढ्यात एका कूलरच्या दुकानावर फलक लागला, 'दुकान कायमचे बंद, निम्म्या किमतीत माल.' म्हातारे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणत. पैसे घेण्याआधी ते म्हणाले, "भाऊ, पाणी टाकून, चालवून पाहून घ्या. मी तर पोराकडे हैदराबादले जाऊन राह्यलो. मागून गॅरंटी कोण देईन?"

मी गालातल्या गालात हसलो. म्हटलं, "चाचा, तुम्ही कुठी जाता! मेमध्ये इथीच भेटाल." ऐन थंडीत अंगावर पाणी कोण उडवून घेणार? कूलर रिक्षात टाकला आणि विजयी वीरासारखा घरी आणला.

मेमध्ये बायको लेकीला घेऊन आली. मी ऐटीत बटण दाबलं. पंखा गरजला, पण पंप काही पाणी चढवेना. खोलीत गरम वारा घोंघावू लागला. तसाच धावत दुकानावर गेलो. शटर बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "चाचा तर होळीच्या आधीच गेले ना भाऊ." अख्ख्या चंद्रपुरात एकाच माणसाने खरा फलक लावला होता, आणि नेमका त्याच्यावरच मी विश्वास ठेवला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा कूलर रिकामा.

बाजारभर हिंडलो. भर उन्हाळ्यात पंप सगळीकडे संपलेले. समोरच्याच दुकानात अगदी तसाच कूलर मी दिलेल्या किमतीलाच होता, तोही चालवून दाखवलेला. मी भाव न विचारता निम्मी किंमत खरी मानली होती. म्हणजे थाप होती ती किंमत खरी मानली, आणि दुकान बंद होणार हे खरं होतं, ते थाप.

घरी लेक लालबुंद होऊन रडत होती. तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो.

"काऊन जी, चालवून नाई पाह्यला?" बायकोने विचारलं. मी पाण्याचा मग घेतला आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ओतायला लागलो. ताट्या भिजल्या, वारा गार झाला, लेकीचा डोळा लागला. थांबलो की ती किरकिरायची. नवा पंप येईपर्यंत कचेरीतून आल्यावर माझं हेच काम होतं.

एकदा मेहुणा आला. गार वाऱ्यात बसून त्याने कूलरची चौकशी केली. सवयीने मी छाती काढून म्हणालो, "सेलमध्ये घेतला."

"हो," बायको माझ्या हातातल्या मगकडे पाहत म्हणाली, "पंप मातर घरचा हाय. गप्पा मागून मारा जी, ताटी वाळून राह्यली."