अब्बांचं हेल्मेट

महायुद्धाच्या काळातली अग्निशमन दलाची हेल्मेटं मी जमवतो. आज एकाच्या आतल्या चामड्याला तेल लावत होतो आणि त्या वासाबरोबर कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीतल्या जुलेखाबी आठवल्या.

तीस वर्षांपूर्वी त्यांनी वडिलांचं हेल्मेट माझ्याकडे साफ करायला दिलं होतं. वडील युद्धाच्या दिवसांत बंबावर होते आणि आग विझवतानाच गेले. मी आठवडाभर खपलो. आतलं काळपट, घामट चामडं साबणानं घासलं, तेल पाजून मऊ केलं.

त्यांच्या माडीवरच्या खोलीत नेऊन दिलं, तेव्हा जुलेखाबींनी चकाकतं हेल्मेट घेतलं आणि चेहरा आत घातला. शेजारचे लूम खडखडत होते. त्यांनी दोनतीनदा खोल श्वास ओढला.

"अब्बांचा वास कुठं गेला?" त्यांनी विचारलं. "लहानपणापासून रोज घेत होते मी."

"घाण होती ती, खाला," मी म्हणालो. "चामडं सडलं असतं."

त्यांनी हेल्मेट माझ्या हातात ठेवलं. "मग तूच घेऊन जा, बेटा. आता यात माझं काय हाय?"

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. माफी मागायचं सुचलंसुद्धा नाही. त्यांचं मन बदलायच्या आत मी जिना उतरलो आणि रस्त्यावर येऊन खुशीत हसलो.