उजव्या बाजूची पाकळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. ज्याच्यापुढे नित्य हात जोडतो, त्याला सांगण्याचा प्रश्नच नव्हता — तो तिथेच होता. तुम्ही तिथे नव्हता, म्हणून तुमच्याशी बोलणे जरा सोपे जाते आहे.

पेडण्यातल्या आमच्या गावी देवळाची पूजा माझ्या घराण्याकडे. पाठीमागे आमचे कुळागर — सुपारी, नारळ, मिरवेली — आणि पाणंदीपलीकडे आनंदीकाकीचे घर. काकी विधवा, एकुलती लेक शिरगावला दिलेली. काय दिवस होते ते! काजूच्या हंगामात तिच्या अंगणातल्या बोंडांचा वास असा दाटून येई, की संध्येला बसलो तरी चित्त तिकडेच. उन्हाळ्यात अर्धा वाडा तिच्या विहिरीवर पाणी भरी, आणि ती कठड्याशी बसून प्रत्येकीची विचारपूस करी.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षे झाली होती. कोंकणी की मराठी, यावरून भांडलेली माणसे नुकती कुठे पुन्हा एका ओसरीवर बसू लागली होती. त्यात रेल्वे आली — म्हणजे आधी मोजणीच्या खुंट्या आल्या. काकीच्या घरावरून, विहिरीवरून त्यांची रांग गेली.

"काकी, आता दारात बसान मुंबयच्या गाडयेक हात करूक गावतला!" आमच्या कुळागरातला गडी पांडू नारळ सोलता सोलता म्हणाला.

"हात करूक आदी दार तरी उराक व्हया मरे!" काकी म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मोजणीचा साहेब एकदा माझ्याकडे पाणी प्यायला थांबला. सहज बोलून गेला — घर आणि विहीर जाते म्हणून त्या बाईने हरकत घेतली, तर रूळ थोडे पश्चिमेला सरकवता येतील. पश्चिमेला काय होते, हे मी वेगळे सांगायला हवे का? आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या होत्या.

काकीला यातले काही ठाऊक नव्हते. हरकत घ्यावी की मुकाट्याने जमीन द्यावी, एवढेच तिला ठरवायचे होते. आणि आमच्याकडे असे काही ठरवायचे तर देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर जमीन द्यावी, डावी पडली तर देऊ नये — असे ठरले. सकाळची वेळ होती. काकी उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी होती.

"देव सांगात तसा करतलय, भटमाम," ती म्हणाली.

मी गर्भगृहात शिरलो. कसे सांगू? — पाकळी भिजवणारी बोटे माझीच होती. डावी मी चांगली निथळती भिजवून घट्ट दाबली. उजव्या पाकळीसाठी अंगठा सोवळ्याला पुसला, आणि ती नुसती टेकवली. मंत्र बिनचूक म्हटले. गाऱ्हाणे पुरते संपलेही नव्हते, तोच उजवी पाकळी पडली.

वेदविद्या शिकलेल्या हाताने हे केले. कुणी सांगितले नव्हते, कुणी धमकावले नव्हते. साहेबाचे बोलणे खरे ठरले असते की नाही, कोण जाणे — पण ते खरे धरूनच मी अंगठा पुसला.

काकीने हरकत घेतली नाही. घर गेले, विहीर बुजली. ती लेकीकडे शिरगावला गेली. माझ्या सुपाऱ्या आजही उभ्या आहेत.

पुढे एकदा मी शिरगावला गेलो असता तिने मला घरात बोलावले. दारातली तुळससुद्धा गावालगतच्या खाणीच्या धुळीने तांबडी झालेली. पाणी देऊन ती समोर बसली आणि हळूच विचारू लागली, जणू पुष्कळ दिवस मनात घोळवलेले होते —

"माजां काय चुकलां, भटमाम? सगळो गाव सोडून देवान माजीच जमीन कित्याक मागली?"

तेव्हा तरी मी बोलायला नको होते का? दाराशी कुणी नव्हते. ती होती आणि मी होतो.

मी डोळे मिटले, विचार केल्यासारखे दाखवले, आणि म्हणालो, पूर्वी देवाचे काही करायचे राहून गेले असेल, सोमवार धरा.

तिने ते सोमवार शेवटपर्यंत केले.