भोंगा आत्या

मोठी आत्या शांतपणे बोलायची ती फक्त एका माणसाशी. बाकी सगळ्यांशी, म्हणजे माझ्या बाबांशी, आईशी, भाजीवालीशी आणि देवाशीसुद्धा ती भांडल्यासारखीच बोले. ते एक माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण सगुणा. सगुणा नऊ वर्षांची होती, तिला जेमतेम दहा शब्द येत आणि तिचा परकर कायम ओला असे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. खामगावात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. नवरा वारल्यावर आत्या दिवाळीनंतर कायमची माहेरी आली, तेव्हा सगुणा गोठ्याच्या दाराशी गोणपाटावर बसलेली होती. तिची जागाच ती. तिच्या बेंबीखाली दोन डाग होते. लघवी थांबावी म्हणून विळा तापवून दिलेले. दुपारनंतर तिला पाणी द्यायचं नाही असा घरात नियम होता आणि तिचा हात पोचू नये म्हणून कळशी वर फळीवर ठेवत. तिचे ओठ फुटायचे, परकर तरी ओलाच. हे लिहिताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यातला अर्धा राग माझ्यावरच आहे, कारण तेव्हा मला यात काहीही वावगं वाटत नव्हतं.

आत्यानं पहिल्याच दिवशी कळशी खाली उतरवली. "पानी बंद करून मूत बंद होते काय रे गणपत?" तिनं बाबांना विचारलं. "तू राहून पाह्य एक दिवस बिनापान्यानं. बाजारात चक्कर येऊन पडशीन."

"बाई, ती मुद्दाम करते," बाबा म्हणाले.

"जिले सोताचं नाव सांगता येत नाही, ते मुद्दाम काय करन? तुमी तिले येळंवर नेत नाही, अन् मंग मारता. चूक तुमची हाये."

आत्याला घड्याळ कळत नव्हतं. पण जिनिंगचा भोंगा दिवसातून चार वेळा वाजायचा, सगळी गल्ली त्यावर चाले. भोंगा झाला की आत्या हातातलं पीठ तसंच टाकून सगुणाला परसात नेई, समोर उकिडवी बसे आणि तान्ह्या मुलासाठी करतात तसा "शूऽऽ" असा आवाज काढी. कधी पाव तास लागे. आई करवादली तर आत्या म्हणे, "भाकर जयली तं दुसरी थापता येते." झाल्यावर ती परकराला हात लावून बघे आणि अगदी हळू म्हणे, "कोरडी हाये माही बाई." मग दोन शेंगदाणे. ओली निघाली तर परकर बदले आणि एक शब्द बोलत नसे. पोट साफ नसलं की सगुणा जास्त ओली होते, हेही तिनंच हेरलं आणि तिला रोज अंबाडीची भाजी खाऊ घातली.

होळीपर्यंत सगुणा भोंगा ऐकला की आपली आपण उठायला लागली. तरी बाबांनी अट घातली होती. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत कोरडी राहिली तर ती घरात, सगळ्यांच्या पंगतीत बसेल. नाही तर पुन्हा डाग आणि पुन्हा गोठा.

आखाजीला मामाकडची माणसं जेवायला होती. सगुणा पहिल्यांदाच पाटावर बसली. वरण वाढेपर्यंत पाटाखालून ओघळ आला. तो आधी मला दिसला आणि मीच भर पंगतीत ओरडले, "हिनं पाहा काय केलं." मी अकरा वर्षांची होते. एवढी सबब मला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पिंपळगाव राजाहून डाग देणारा म्हातारा आणला. त्यानं विळा चुलीत घातला. सगुणाला ते आठवत होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पोटावर दोन्ही हात दाबून धरले. आत्या दारात थांबून काहीतरी ऐकत होती. दुपार उलटून गेली होती आणि गल्ली गप्प होती.

"जीन कधी बंद झाली?" तिनं विचारलं.

"परवा. हंगाम सरला," बाबा म्हणाले.

आत्या आत आली, भरलेली कळशी उचलली आणि विळा तापत असलेल्या चुलीवर उपडी केली. घरभर राख उडाली. "पोरगी भोंग्याची वाट पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "मले समजलं नाही, चूक माही. डाग द्याचा असन तं मले दे." म्हातारा विळा तिथंच टाकून निघून गेला. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही आणि बाबा महिनाभर आत्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून जिनिंग बंद असली की दिवसातून चार वेळा आत्या अंगणात उभी राहून "सगुनाऽऽ" अशी हाक मारी. गल्लीनं तिला भोंगा आत्या म्हणायला सुरुवात केली. हसणाऱ्यांना ती तिथल्या तिथे सुनावत असे.

आत्या गेली ती पौषात. सगुणा तेव्हा विशीत होती. आत्याला ओसरीवर ठेवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या आणि दुपारचा भोंगा झाला. सगुणा उठली, परसात गेली, परत आली. आत्याजवळ बसून तिनं तो गार हात उचलला आणि आपल्या लुगड्याला लावला. मग ती वाट पाहत राहिली.

"त्या येडीले उठवा तिथून," कुणीतरी म्हणालं.

तोवर मी सगुणासाठी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला, आत्यासारखाच. मग मी सगुणाजवळ बसले, लुगड्याला हात लावला आणि हळू म्हटलं, "कोरडी हाये माही बाई."