युसूफभाई आली

"चला, मी निघते."

मास्तर कुठंही आले की हे त्यांचं पहिलं वाक्य. अजून चपला पायातच आहेत, एक हात दाराच्या चौकटीवर आहे आणि माणूस निघायच्या गोष्टी करतोय. मग तासभर काही निघायचे नाहीत. पण तो तासभर आपल्याला स्वस्थ बसू देतील तर शपथ. खुर्ची दिली की तिच्या कडेला टेकणार, लगेच उठणार, खिडकी उघडणार, पंख्याचं बटण चालू-बंद करून बघणार, कुणाच्या तरी पेनाला टोपण लावणार. टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन मास्तर म्हणून त्यांनी सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात उभ्यानं काढलेलं. शांत खोलीत त्यांना बसवायचंच नाही. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच. त्याच्या शेजारी बसून बघा, म्हणजे माझं दुःख कळेल.

आणि 'निघते' हा मुद्रणदोष नव्हे. मास्तर शहराच्या पूर्वभागातले. तिथं विणकरांची गल्लीच्या गल्ली घरात तेलुगू बोलते. मास्तरांची शाळा मराठी, बोलणंही फाडफाड; पण मराठीतल्या स्त्रीलिंग-पुल्लिंगाशी त्यांचं उभं वैर. चहा थंड झाली. भिंत पडला. साहेब चिडली. मी हिशेबाच्या खोलीत बसायचो, तिथंवर त्यांची आरोळी यायची, "अरे, गेट उघडा की, युसूफभाई आली!" युसूफभाई म्हणजे आमच्या मालाचा टेम्पो चालवणारा, दारातून वाकून आत येणारा आडदांड गडी. सगळं खातं हसायचं. मास्तरही हसायचे.

मी अक्कलकोटचा, म्हणून ते मला अक्कलकोटच म्हणायचे. "काय अक्कलकोट, हिशेब जुळली का?"

आता रविवारचं सांगतो. शुक्रवार पेठेत एक बाई गणिताची शिकवणी घेतात. रविवारी दुपारी त्यांची खोली रिकामी असते, ती त्या आम्हाला देतात. आम्हाला म्हणजे पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांना, बाईवर जीव जडलेल्या बायांना, आणि शरीर एक सांगतं नि मन दुसरंच, अशांना. तिथं जो तो आपली गोष्ट सांगतो. ज्याची तयारी असेल त्याची गोष्ट मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि आम्ही ती पुढं पाठवतो. नाव नाही, चेहरा नाही, फक्त आवाज. बार्शीत, मोहोळला, दुधनीत कुणीतरी पांघरुणात तोंड खुपसून ऐकतं आणि जगात आपण एकटेच नाही एवढं त्याला कळतं. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

एका रविवारी मी सतरंजी घालत होतो आणि मागून आवाज आला, "चला, मी निघते." मी वळलो. मास्तर! दोघांचीही पाचावर धारण बसली.

"मी हितं शिकवणीची चौकशी करायला आली," मास्तर म्हणाले.

"कुणाच्या शिकवणीची?" त्यांना मूल ना बाळ.

"माझ्याच. गणित लई कच्चा हाय माझा. तू?"

"मीपण त्यासाठीच," मी म्हणालो. मी, हिशेबनीस! बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या त्या हसून हसून डोळे लाल करूनच परत आल्या.

पुढचे काही रविवार मास्तरांनी नुसतेच पंखे तपासले. मग एकदा, कुणी विचारलेलं नसताना, उभ्या उभ्याच बोलायला लागले. "ती मला कारखान्यातच भेटली. माल भरत होती. एक गठ्ठा सुटली आणि माझ्या पायावर पडली. ती मला उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टर पाय बघत होता आणि ती माझा हात धरून बसली होती. तवाच मला कळला."

खोलीत कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारच्यानं कानात विचारलं, "हे चुकून आलेत का? यांचं तर सरळ बाईवर प्रेम आहे."

मास्तर खिडकीपर्यंत जाऊन परत आले. "लई देखणी होती," म्हणाले. "मिशी तर अशी झकास, बघतच राहावं."

आणि मग जे हसू उसळलं ते बाईंपासून सुरू होऊन मास्तरांपर्यंत गेलं. माझं हसू मात्र अर्ध्यावरच थांबलं. अरे, म्हणजे 'गेट उघडा, युसूफभाई आली' ते हेच! इतकी वर्षं हा माणूस भर कारखान्यात आपल्या माणसाच्या नावानं आरोळ्या ठोकत होता आणि आम्ही सगळे त्याच्या व्याकरणाला हसत होतो. युसूफभाईंची बायको जाऊन बराच काळ झालेला, मुली आपापल्या संसाराला लागलेल्या. दर शुक्रवारी ते मास्तरांच्या घरी जेवायला असतात हे आम्हाला ठाऊक होतं. टेम्पोवाला आणि मास्तर, दोस्ती असणारच, एवढाच आम्ही त्याचा अर्थ लावलेला.

"मुद्दाम चुकता काय हो?" मी नंतर विचारलं.

"पहिलं खरंच चुकत होती. मग म्हटलं राहू दे. चुकीत लई जागा हाय, अक्कलकोट."

ही गोष्ट रेकॉर्ड करताना मात्र मी हट्टाला पेटलो. ऐकणाऱ्याला कळायला नको? "मास्तर, 'ती' नाही, 'तो' म्हणा. तो भेटला. त्यानं नेलं." मास्तरांनी शहाण्या मुलासारखं सगळं बिनचूक म्हटलं. तो भेटला. तो बसला. एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा होते तसं वाटलं. वैतागून मी ते पुसलं आणि आधीचंच, मिशीवालं पाठवलं. ते जितकं फिरलं तितकं आमचं दुसरं काही फिरलं नाही. दुधनीच्या कुणाचा तरी उलट आवाज आला, "मामा, मिशी अजून हाय का?"

मास्तरांनी माझा फोन हिसकावून घेतला. "हाय की! पांढरी झाली. रंग लावून देते मी."

आता खरी गोष्ट.

पूर्वभागातली एक मुलगी, श्रीलता, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तिचा निरोप आला. "माझी अम्मा माझं लग्न ठरवायला निघाली आहे. मला एक मुलगी आवडते हे मी तिला सांगितलं. ती म्हणते, असलं आपल्या लोकांत नसतं. तिला मराठी कळत नाही. तेलुगूत कुणाची गोष्ट असेल तर लवकर पाठवा."

आमच्यात तेलुगू बोलणारे एकटे मास्तर. मी निरोप ऐकवला तेव्हा ते खिडकीची कडी लावत होते. ती लावली, काढली, परत लावली.

"तेलुगूत मी चुकत न्हाय ना," म्हणाले. "वच्चिंडु म्हटलं की पुरुष आला. वच्चिंदि म्हटलं की बाई आली. आमच्यात शेंबडं पोरगंबी ते चुकत न्हाय. तितं लपायला जागा न्हाय रे."

त्यांचा आवाज तर अख्ख्या पूर्वभागाच्या ओळखीचा. त्यांच्या समाजात कुणाचंही लग्न असो, माईक मास्तरांच्या हाती. मुलीच्या मामांनी स्टेजवर यावं, मंडळींनी जेवल्याशिवाय जाऊ नये, हे त्यांनी सांगितल्याशिवाय लग्न लागल्यासारखंच वाटायचं नाही. नाव लपवून काय उपयोग? पहिल्या वाक्याला गल्ली ओळखणार. आणि गल्लीच्या आधी अक्का. मास्तरांची मोठी बहीण. आईवडील गेल्यावर विड्या वळून तिनं या भावाला वाढवलं आणि स्वतःचं लग्न राहूनच गेलं. दोघंच घरात. मास्तरांनी गल्ली सोडली असती; अक्का उठून गेली तर मात्र त्यांना जगात दुसरं कुणी नव्हतं.

ते हो म्हणाले. संध्याकाळी फोन आला, "जमायचं न्हाय." सकाळी माझ्या टेबलाशी हजर, "करते." जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आले, डबा न उघडताच परत गेले. मला बेरजा सुचेनात.

"मास्तर, एक काय ते ठरवा. त्या पोरीचं लग्न तुमच्यासाठी थांबणार नाही."

"तुला काय, तू सांगून मोकळी झाली."

ते खरं होतं. माझ्या घरी भांडी आपटून झाली होती आणि त्याच भांड्यांत पुन्हा जेवणंही सुरू झाली होती. पण मी तरुण होतो, मला चिडायला भाऊ होते, समजावायला वहिनी होती. त्यांना एकच अक्का.

मग श्रीलताचा दुसरा निरोप आला. पुढच्या आठवड्यात पाहुणे बघायला येणार. मास्तरांनी तो उभ्यानंच ऐकला आणि म्हणाले, "रविवारी घरी ये. अक्काला वेगळं सांगायचं आणि मोबाईलला वेगळं, हे माझ्यानं व्हायचं न्हाय. एकदाच बोलते."

"युसूफभाईंना बोलवायचं?"

"नको. ती समोर असली की मला रडू येते."

रविवारी सकाळी गेलो. दोन खोल्यांचं घर. अक्का दाराशी उजेडात बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मला बघून तिनं पाण्याकडं बोट केलं, म्हणजे घे आणि पी. मी फोन फळीवर ठेवला आणि मास्तर सुरू झाले.

मला तेलुगू येत नाही. घरी कानडी ऐकत वाढलो, त्यामुळे एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि निसटायचा. मास्तर चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत फिरत होते. रेकॉर्डिंगमध्ये त्यांची पावलंही आली आहेत. मी एकाच शब्दाकडं कान लावून बसलो होतो. तो आला. वच्चिंडु. मी अक्काकडं बघितलं. तिचे हात चालूच. पान, तंबाखू, दोरा, विडी बाजूला. युसूफभाईंचं नाव आलं, तरी हात चालूच. पुन्हा वच्चिंडु.

तेवढ्यात अक्कानं मान वर केली आणि एक वाक्य बोलली. खणखणीत, रागावल्यासारखं. मास्तर जागच्या जागी थांबले. काहीतरी पुटपुटले. अक्कानं शेवटचा शब्द पुन्हा म्हणून दाखवला. मास्तरांनी तो तिच्यामागून म्हटला आणि पुढची गोष्ट सांगायला लागले. पण आवाज पार बदललेला. गोष्ट संपल्यावर मोरीत जाऊन ते कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली? चिडली?"

"चुकली मी. तेलुगूतबी चुकली," म्हणाले आणि मला जवळजवळ ढकललंच. "जा, पाठव. काय कापू नको, अक्काचं पण ठेव."

मी पाठवलं. वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. भावाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं चाललेलं असताना म्हातारीनं त्याला फटकारलं, असंच मी धरून चाललो होतो. मनातल्या मनात तिच्याशी भांडलोही.

व्हायचं ते झालं. बघता बघता आवाज पूर्वभागभर फिरला. त्या लग्नसराईत मी आमच्या खात्यातल्या एकाच्या लग्नाला गेलो तर माईकवर दुसराच कुणी, नुसता 'हॅलो हॅलो' करत टिचक्या मारणारा. मास्तर मागच्या रांगेत होते. अक्षता टाकल्या, जेवले, गेले. कारखान्यात कुणीतरी त्यांच्या मागाजवळच्या भिंतीवर साडीतली मिशीवाली बाई काढून ठेवली. मास्तरांनी ती जरा वेळ न्याहाळली, म्हणाले, "पदर चुकला," आणि खडूनं नीट काढून दिला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांच्या डब्याला त्यांनी हात लावला नव्हता.

मग हैदराबादच्या बाजूला एका टॉवेल कारखान्यात काम मिळालं आणि ते गेले. अक्कालाही नेलं. युसूफभाईंनी टेम्पो विकला आणि पाठोपाठ तेही गेले. निरोपबिरोप काही नाही. एका सोमवारी त्यांच्या मागावर दुसरा मास्तर उभा होता, शांत, पंख्याकडं ढुंकून न बघणारा. फार कंटाळवाणा माणूस आहे.

त्यानंतरच्याच एका रविवारी श्रीलता खोलीवर आली. पहिल्यांदाच. मशीनच्या तेलाचे डाग असलेली ओढणी, बोलताना सारखी दाराकडं नजर. पाहुण्यांचं विचारलं तर म्हणाली, "अम्मानं 'नंतर कळवतो' म्हणून सांगितलं. ते कळवायचं तिनं अजून कळवलं नाही."

मी म्हणालो, "मला आधी एक सांग. ती अक्का मधेच काय म्हणते?"

"तुम्हाला माहीत नाही?" तिनं फोन काढून ते वाक्य लावलं. अक्काचा खणखणीत आवाज खोलीत आला. "मास्तर म्हणाले, युसूफभाई 'वच्चिंडु'. म्हणजे 'आला'. दूधवाला आला, टेम्पोवाला आला, तसं. त्यावर अक्का म्हणतात, 'वच्चिंडु काय म्हणतोस? वच्चिंड्रु म्हण.' म्हणजे 'आले'. मान देऊन. आमच्याकडं जावयाला म्हणतात की तसं."

मला एकदम रडू आलं. सगळ्यांसमोर. लपवायचं तरी कुणापासून?

श्रीलता म्हणाली, "अम्मा मास्तरांचं ऐकताना तोंड फिरवून बसली होती. अक्कांचं वाक्य आलं तशी म्हणाली, परत लाव. परत लावलं. म्हणाली, अजून एकदा. मग नुसतं विचारत राहिली, ही बाई कोण, हिनं कसं म्हटलं असं, हिच्या जिभेला कसं आलं."

"मग?"

"मग काय. तुमच्याकडं त्यांचा हैदराबादचा पत्ता असेल तर द्या की. अम्मा सकाळपासून पिशवी भरून बसलीय."