बेट्टीच्या हौदातला बाप

फणसवाडीतल्या बेट्टीला स्वच्छतेचं वेड, आणि वेड तरी किती! रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं म्हणून शनिवारी घर तर चकाचक करायचीच, वर तळाची वाळू उपसून अंगणातला दगडी हौदही काथ्याने खसाखसा घासायची. त्या हौदात सनफिशची जोडी होती. तिच्या नवऱ्याने, कॉनरॅडने, बोटीवरून थेट अमेरिकेहून डब्यात घालून आणलेली. गोड्या पाण्यातले मासे, पोटाला केशरी, गालांवर निळ्या रेघा. पण दोन वर्षांत एक पिल्लू नाही. पुढच्या फेरीला निघताना कॉनरॅड म्हणाला, "एक तरी पिल्लू दाखव गो मला."

छप्पन सालच्या जानेवारीत बेट्टीला ताप आला, घासणं राहिलं, आणि सगळा उलगडा झाला. नराने शेपटीने वाळूत बशीएवढा खळगा केला. मादीने त्यात अंडी घालताच त्याने तिला हुसकून लावलं आणि स्वतःच पंखांनी अंड्यांना वारा घालत राहिला. म्हणजे दर शनिवारी बेट्टीच त्यांचा संसार पुसून टाकत होती! तिने कपाळावर हात मारला.

आणि नेमकं तेव्हाच, मुंबई महाराष्ट्रातच हवी म्हणून, गिरगाव पेटलं. अश्रुधुराची नळकांडी फुटली, माणसं डोळे चोळत वाडीत शिरली. नळ सकाळीच गेलेला. विहीर वाडीच्या तोंडाशी, तिथे पोलीस. शेजारची गंगुबाई ओरडली, "बेट्टी, पाणी दे गो!"

बेट्टी आधी हौदाच्या आडवी आली. पण समोर माणसं चाचपडत होती. "घ्या," ती म्हणाली, "तळाला तेवढा हात लावू नका, अंडी आहेत!"

रुमाल भिजले, बादल्या भरल्या. संध्याकाळी हौदात चार बोटं पाणी उरलं. मादी कोपऱ्यात दबून बसली. नराची पाठ उघडी पडली, तरी पठ्ठ्या खळगा सोडेना. बेट्टी तिथेच बसून रडली.

पोलीस जरा हटले तशी गंगुबाई चाळीतल्या बायकांना घेऊन विहिरीवर गेली. संचारबंदी गेली खड्ड्यात! एकजण कळशी हौदात धबकन ओतणार, तोच गंगुबाईने तिचा हात धरला. "हळू, आत बाळंतीण आहे."

"बाळंतीण कुठली, बाप आहे तो," बेट्टी डोळे पुसत म्हणाली.

पाचसहा दिवसांनी खळग्यातून डासाएवढी पिल्लं वर आली. बाप भोवती पहारा देत होता. बायका हौदावर ओणवून बघत राहिल्या.

"आमच्या ह्यांना बोलवा गो कुणीतरी," गंगुबाई म्हणाली, "बघू दे जरा."